फोटोतून कापलेली आजी

आमच्या स्टुडिओत आलेलं प्रत्येक लेकरू रडायचं. त्यात लेकरांचा काही दोष नव्हता. गुडीहत्नूरला हमरस्त्याच्या कडेला बाबांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी आदिलाबादच्या एका पेंटरकडून तलाव, हंस आणि राजवाडा रंगवून घेतला होता. हंस बगळ्यांसारखे झाले होते आणि राजवाडा थोडा कलला होता. त्या चित्रापुढं उंच स्टुलावर लेकराला बसवत, दोन्ही बाजूंनी डोळे दिपवणारे दिवे लावत, आणि मग बाबा त्यांच्या लाकडी क्यामेऱ्यामागं जाऊन काळ्या कापडात डोकं घालत. समोरच्या माणसाचं डोकंच नाहीसं झालं हे पाहून लेकरू जो हंबरडा फोडी, तो बाहेर उभ्या ट्रकच्या हॉर्नवरही ऐकू येई. आई-बाप दोन्हीकडून त्याचे दंड धरून ताठ उभे राहत. अशा फोटोंमध्ये सगळ्यांचे डोळे भ्यालेले असत आणि लोक ते फोटो काचेत घालून आनंदानं भिंतीला लावत, कारण दुसरा काही फोटो असू शकतो हे कुणाला माहीतच नव्हतं.

दुकानाच्या मागं आमचं घर. घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचा अर्धा भाग काळा पडदा लावून बाबांनी डार्करूमसाठी घेतलेला. त्यामुळं आमच्याकडं फोडणीचा आणि फोटो धुण्याच्या हायपोचा वास कायम एकमेकांत मिसळलेला असे. माय एका हातानं भाकर थापायची आणि मधेच हात धुऊन पडद्याआड जायची, कारण फोटो धुण्याचं काम लग्नानंतर वर्षभरातच तिच्याकडं आलं होतं. अंबाडीची भाजी, जिला बाजारात सगळे पुंटीकूर म्हणत आणि आमच्या घरी अंबाडीच म्हणत, चुलीवर शिजत असायची. वरच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवलेली परक्यांची तोंडं वाळत असायची. मी आणि माझा धाकटा भाऊ त्या तोंडांखाली बसून जेवलो, तिथंच शाळेचा अभ्यास केला. रात्रंदिवस रस्त्यावरून ट्रक जायचे, कापसाच्या हंगामात बैलगाड्यांची रांग लागायची, आणि मोठा ट्रक गेला की दोरीवरचे सगळे फोटो एकदम माना हलवायचे.

माय फोटो काढायला लागली ती एका मेलेल्या बाळामुळं. जवळच्याच वस्तीत एक तान्हं गेलं होतं आणि त्याच्या आईला त्याचा एक फोटो हवा होता. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष कसा जाणार, म्हणून बाबा दारातच थबकले. तेव्हा माय त्यांच्या हातातला लहान क्यामेरा घेऊन आत गेली. तो दोन डोळ्यांचा क्यामेरा होता. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली वाकून बघायचं, सुपात धान्य निवडताना बघावं तसं. माय घरी आली, तिनं स्वतःच तो फोटो धुतला, आणि जेवताना बाबांना म्हणाली की लेकराचा पहिला फोटो त्याच्या मरणाचा असणं काही बरं नाही, जितं असतानाच काढला पाहिजे. बाबा म्हणाले, लोक काढू देत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. माय म्हणाली, मी काजळाची डबी सोबत नेईन.

आणि ती खरोखरच काजळाची डबी सोबत न्यायची. बारसं असो, जावळ असो, पहिला घास असो, बाया बोलावू लागल्या. क्यामेरा पोटाशी असल्यामुळं तिचं तोंड झाकलं जात नसे. ती लेकराशी बोलत राही आणि बोलता बोलताच बटण दाबी. तिला सजवून बसवलेली लेकरं आवडत नसत. तेल लावून पायांवर आडवं घातलेलं बाळ, गाडग्यात तोंड घातलेला पोरगा, मायच्या पदरात लपून एका डोळ्यानं बघणारी पोर, हे ती काढायची. बाया पहिल्यांदा नाराज व्हायच्या की नवा झबला घातला तो काढलाच नाही, आणि फोटो हातात आला की हसत सुटायच्या. ज्या घरांत माझ्या आजोबांनी सालदारकी केली आणि ज्यांच्या ओसरीच्या वर आमच्या माणसानं पाय ठेवला नव्हता, त्या घरांच्या आतल्या खोलीत माय जायला लागली. मी तेव्हा शाळेत होते आणि मला याचा केवढा अभिमान वाटायचा. आता वाटतं, त्या बायांनी काही दार उघडलं नव्हतं, गरज होती तेवढी फट ठेवली होती. पण मायनं त्या फटीतूनसुद्धा आतलं सगळं नीट पाहिलं.

ज्या फोटोची ही गोष्ट आहे तो नार्नूरकडच्या एका गावातला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या फोटोतली लेक आज नांदती आहे. कापूस-ज्वारी पिकवणारं खातंपितं घर, बापूराव नावाचा कर्ता माणूस, त्याची आई भागीरथीबाई, आणि त्याची दोन वर्षांची लेक चिमी. माय बापूरावच्या नव्या बाळाच्या बारशाला गेली होती आणि मी तिच्यासोबत होते. चिमीला आंघोळीआधी तेल लावून अंगणात उघडीच बसवलं होतं आणि तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला होता. तिच्या एका बाजूला भागीरथीबाई सूप घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूनं घरची शेळी आली, तिनं चिमीच्या हातातला तुकडा ओढला आणि आरामात चालू लागली. चिमीनं शेळीकडं हात पसरून असा काही गळा काढला की भागीरथीबाईंच्या हातातलं सूप हसण्यानं हलायला लागलं. त्याच क्षणी मायनं बटण दाबलं. चौकोनी फोटो होता तो. डावीकडं दात नसलेलं तोंड उघडून हसणारी आजी, मधे रडणारं उघडं लेकरू, उजवीकडं भाकर घेऊन निघालेली शेळी. मायनं आयुष्यात काढलेल्या फोटोंत मला तो सगळ्यांत आवडतो. बापूरावनं तो काचेत घालून दारासमोर लावला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या शेळीची गोष्ट ऐकावी लागायची.

त्याच सुमारास आदिलाबादला एक संस्था आली होती, लेकरांसाठी काम करणारी. तिचे एक साहेब होते, हैदराबादचे, खादीचा झब्बा, बोलणं इतकं मऊ की माणसाला आपलाच आवाज जाड वाटावा. दुकानात फिल्म घ्यायला आले आणि दोरीवरचे मायचे फोटो बघत उभेच राहिले. हे कुणी काढले विचारलं. बाबांनी मायकडं बोट दाखवलं. साहेबांनी तिला हात जोडले. म्हणाले, हैदराबादला प्रदर्शन आहे, लोकांना दाखवतो, काही निगेटिव्ह द्या, परत करीन. मायला त्या दिवशी किती आनंद झाला होता ते मी पाहिलंय. तिनं स्वतः निवडून, कागदात गुंडाळून निगेटिव्ह दिल्या. नंतर ज्या ज्या घरचा फोटो त्यात होता त्या त्या घरी जाऊन सांगून आली की तुमचं लेकरू हैदराबादले चाललं.

त्यानंतरच्या कापसाच्या हंगामात एक दिवस बापूराव आमच्या दुकानात आला. तो बसला नाही. तो आदिलाबादच्या बाजारात कापूस घेऊन गेला होता आणि तिथल्या बसस्टँडवर त्याच्या बरोबरच्या एकानं त्याला भिंतीवरचा पोस्टर दाखवला होता. बापूरावनं तो भिंतीवरून ओढून काढला होता, कोपरे फाटले होते. त्यानं तो बाबांच्या टेबलावर पसरला. पोस्टरवर चिमी होती. फक्त चिमी. आजी नव्हती, शेळी नव्हती. उघडं अंग, पुढं आलेलं पोट, रडकं तोंड आणि कुणाकडं तरी पसरलेला हात. वर मोठ्या तेलुगू अक्षरांत एकच शब्द होता. मायला तेलुगू वाचता येत नव्हतं, मी तेलुगू शाळेत जात होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वाचलं, “आकलि.” मग सांगितलं, भूक. खालीही एक ओळ होती. या लेकराचं कोण आहे, असं त्यात विचारलं होतं.

दोन वर्षांच्या लेकराचं पोट पुढं असतंच. त्यात भाकरी होती, वरण होतं, सकाळची दूधकुस्करी होती. त्या पोटाला त्यांनी उपाशी ठरवलं. शेळीकडं पसरलेल्या हाताला भिकेचा हात केला. आज मी हे लिहिते आहे तरी माझं डोकं तापतं. एखाद्यानं खोटा फोटो काढला असता तर एवढा राग आला नसता. हा खरा फोटो होता, आणि त्यातलं खरं तेवढं कापून त्यांनी उरलेलं भिंतीला चिकटवलं होतं.

बापूराव मायला म्हणाला की तू आमची पोरगी विकली. माय म्हणाली, मी काहीच विकलं नाही, मला फसवलं. तो ऐकायला तयार नव्हता. बाजारात चार लोकांत त्याला विचारलं गेलं होतं की घरात दाणे नाहीत का. निघताना तो दारात वळून बोलला, अगदी हळू आवाजात.

“तुमच्या लोकाईले घरात घेतलं, हे आमचंच चुकलं.”

बाबा उठून उभे राहिले. माय त्या पोस्टरकडंच बघत होती. मला त्या वेळी त्या मऊ बोलणाऱ्या साहेबांचा जेवढा राग आला तेवढाच बापूरावचा आला, आणि आजही दोघांपैकी कुणाचा कमी करावा हे मला ठरवता आलेलं नाही. फसवणूक झाली होती ती आमचीही. पण त्याच्या मनात आमची जात वर आली, आणि इतकी वर्षं ती तिथंच, अगदी हाताशी ठेवलेली होती हे कळलं.

दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन आदिलाबादला गेली. भाषेसाठी मी हवी होते. तिनं अख्ख्या फोटोची घरी उरलेली जुनी प्रत पिशवीत घेतली होती. संस्थेचं ऑफिस एका भाड्याच्या बंगल्यात होतं. साहेबांनी आम्हाला ओळखलं, आइए आइए म्हणाले, चहा सांगितला. त्यांच्या खुर्चीच्या मागंच तो पोस्टर लावलेला होता. मायनं आपला फोटो त्यांच्यासमोर ठेवला आणि बाजारात बोलायची त्या हिंदीत विचारलं की हे कापलं कशाला. साहेबांना राग आला नाही. त्यांना कधीच राग येत नसावा. ते समजावून सांगू लागले.

“देखिए, पूरा फोटो लगाते तो लोग हँसते.”

“हँसने का ही फोटो था,” माय म्हणाली.

मग त्यांनी सांगितलं की बेज्जूरच्या जंगलाकडं लेकरं खरंच उपाशी आहेत, पण तिकडचा असा चांगला फोटो मिळाला नाही. हा फोटो पाहून लोकांची मनं हलतात, मदत येते, त्या मदतीनं लेकरं जगतात. एका गावाला थोडं वाईट वाटलं तर त्यापुढं ते काय मोठं. आणि पुढच्या वेळी छापताना खाली तुमचं नावही टाकू, असं ते म्हणाले. नाव टाकू. म्हणजे या बाईचं दुःख हे आहे की तिचं नाव छापलं गेलं नाही, असं त्या शिकलेल्या माणसाला खरोखर वाटलं होतं. इथं मायची हिंदी संपली. ती मराठीत बोलायला लागली. मी हिंदीत सांगू लागले तर तिनं मला हातानं थांबवलं.

“तिथं लेकरं उपाशी हायेत तर तिथं जा. त्याईच्या मायले इचारा, फोटो काढू का म्हून. माह्या फोटोतली आजी काऊन कापली? या लेकराचं कोन हाय म्हून लिहून ठेवलं तुमी. आजी हाय ना. बाजूले बसून हाय. तुमीच कापली अन तुमीच इचारून राह्यले, कोन हाय?”

साहेबांना मराठी किती कळली कुणास ठाऊक, पण मायचं बोट आजीच्या तोंडावर ठेवलेलं होतं, तेवढं पुरेसं होतं. चहा आला. माय चहाला शिवली नाही. निगेटिव्ह दिल्याशिवाय उठत नाही, एवढंच म्हणाली आणि बसून राहिली. साहेब आत-बाहेर करत राहिले, कारकुनाला कपाटं उघडायला लावली, आणि दुपार उतरल्यावर पाकीट सापडलं. निगेटिव्हबरोबर एक छापलेली प्रतही होती. तिच्यावर लाल पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा मारल्या होत्या, एक आजीच्या खांद्यावरून, एक शेळीच्या मानेजवळून. पोस्टर उतरवाल का, असं मायनं शेवटी मला विचारायला लावलं. ते म्हणाले, ते तर गावोगाव गेले, आता कसे परत आणणार.

म्हणून आम्ही ते उतरवायला लागलो. मायनं आदिलाबादच्या बसस्टँडपासूनच सुरुवात केली. नखांनी कोपरा सोडवायचा, फडकं ओलं करून कागद भिजवायचा, आणि अख्खा ओढायचा. लोक बघत, एकानं पोलिसाची भीती घातली, माय म्हणाली बोलाव. गुडीहत्नूरच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक होता, बाजारात एक होता. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातला मी काढला. हेडमास्तरांनी तेलुगूत विचारलं की सरकारी भिंतीवरचा कागद का फाडलास. मी म्हणाले, “अबद्धम् सार.” खोटं आहे. त्यांनी मला माफी मागायला सांगितलं, मी मागितली नाही, म्हणून त्यांनी मला मैदानात उन्हात उभं केलं. मी उभी राहिले. आज पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा उभी राहीन. पण सगळे पोस्टर काही आम्ही काढू शकलो नाही. बेज्जूर, नार्नूर, कुठंकुठं किती होते, कोण मोजणार. कितीतरी भिंतींवर चिमी आजीवाचून पावसात भिजून विरून गेली असेल.

मग माय बापूरावच्या गावी गेली. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, माफी मागाले नाही चालली मी. बापूराव गोठ्यात होता, त्यानं आम्हाला पाहिलं आणि बैलांकडं तोंड फिरवलं. माय ओसरीखाली उभी राहिली, आजोबा उभे राहत असतील तिथंच, आणि तिनं भागीरथीबाईंना हाक मारली. त्या बाहेर आल्यावर पाकिटातून निगेटिव्ह काढून त्यांच्या हातात दिली.

“हे तुमचं हाय. हे ज्याच्याजवळ, त्याच्याजवळ फोटो. मी आता माह्याजवळ ठेवत नाही.”

भागीरथीबाईंनी ती काळी फिल्म उन्हाकडं धरली. डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. आणि एकदम म्हणाल्या, “माहे केस काये झाले की वो.” निगेटिव्हमध्ये पांढरं काळं दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्या हसायला लागल्या, फोटोतल्यासारख्याच, दात नसलेलं तोंड उघडून. मग त्या गंभीर झाल्या. बापूरावला हाक मारून म्हणाल्या की बाईनं वस्तू परत आणून दिली, तू बोललास ते परत घे. बापूराव गोठ्यातून बाहेर आला, खांबाला टेकला, पायानं माती उकरत राहिला. मायनं त्याच्याकडं पाहिलं, पुरेसा वेळ दिला, आणि मला म्हणाली, चाल.

त्या घरानं पुढं मायला पुन्हा बोलावलं. भागीरथीबाईंनीच निरोप पाठवला. माय गेली, त्या घरातल्या पुढच्या सगळ्या लेकरांचे फोटो तिनं काढले, चिमीच्या लग्नातही आतल्या बायांचे फोटो तिचेच. बापूराव वयानं वाकला, नातवंडांत रमला, मायला दिसताच चहा ठेवायला सांगू लागला. पण आपलं ते वाक्य त्यानं कधी परत घेतलं नाही, आणि मायनं त्या घरचा चहा सोडा, पाणीही कधी तोंडाला लावलं नाही. ती बाटली घेऊन जायची. उन्हाळ्यात, बायांनी आग्रह केला तरी, पदराआडून आपल्याच बाटलीतलं पाणी प्यायची. पूर्वी त्यांनी आमच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं होतं. लोक मला सांगतात की एवढं धरून ठेवू नये. मी म्हणते, तिनं कुठं धरून ठेवलं, तिनं तर सगळं देऊन टाकलं.

कारण त्या दिवसापासून तिनं एकही निगेटिव्ह घरी ठेवली नाही. फोटो द्यायची तेव्हा सोबत निगेटिव्हही द्यायची, आणि दोन्ही पिशवीत घालून, हे जपून ठेवा, कुणी मागितलं तर आधी घरात विचारा, असं बजावून यायची. रंगीत फिल्म आली, आदिलाबादला लॅब झाली, आमची काळ्या पडद्यामागची खोली पुन्हा स्वयंपाकघराला मिळाली, तरी तिची ही रीत बदलली नाही. बाबा आधी कुरकुरले, मग तेही तसंच करू लागले. माय गेली तेव्हा तिच्या पेटीत तिचा क्यामेरा होता, काजळाची रिकामी डबी होती, आणि फोटो म्हणाल तर माझा आणि भावाचा, बस.

मागच्या वर्षी एक तरुण माझ्याकडं आला. हैदराबादचाच. चांगला मुलगा होता, अभ्यास करून आला होता, कुठून तरी त्याला कळलं होतं की त्या काळात या भागात एक बाई घराघरांत फोटो काढायची. तिचं काम जगापुढं आणायचं आहे, म्हणाला. तिच्या निगेटिव्ह बघायला मिळतील का. मी सांगितलं की माझ्याकडं काही नाही, सगळ्या गावागावांत आहेत, लोकांच्या पेट्यांत. तो हळहळला. म्हणाला, अशानं तर खराब होतील, ओल लागेल, वाळवी लागेल, हा सगळ्यांचा ठेवा आहे. त्याचा आवाज मऊ होता. त्याचा काही दोष नव्हता, पण त्या मऊ आवाजानं मला ते साहेब आठवले.

मी त्याला गावांची नावं दिली. सांगितलं, तुम्ही स्वतः जा. प्रत्येक दारात उभे राहा आणि विचारा. त्या लेकरांना आता चाळिशी आली आहे, त्यांना चांगलं बोलता येतं. दिलं तर घ्या, आणि घ्याल तर अख्खं घ्या, एक काठसुद्धा कापू नका. नाही दिलं तर मागं फिरा. वाळवीनं खाल्लं तर खाऊ दे. वाळवी निदान खाली काही लिहीत नाही.